बागकामाच्या व्यवसायात वेठबिगारी शिरू नये म्हणून: वडोदऱ्यातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

वडोदऱ्यात बागकामाचा व्यवसाय थोड्या भांडवलात उभा राहतो. सेवासी, सिंधरोट किंवा भायलीच्या बाजूला भाड्याची जागा, हिरव्या जाळीचा मांडव, दोन-चार माळी आणि एक छोटा टेम्पो एवढ्यावर सुरुवात करता येते. गोत्री-वासणा भागातील सोसायट्या, अलकापुरीतील जुने बंगले आणि मकरपुरा, वाघोडिया, सावलीकडील कारखान्यांची आवारे यांतून कामही मिळत राहते. नव्या व्यावसायिकाचे लक्ष साहजिकच रोपे, पाणी आणि गिऱ्हाईक यांवर असते. ज्यांच्या हातांनी खड्डे खणले जातात आणि हिरवळ अंथरली जाते ती माणसे कोणत्या अटींवर आली आहेत, हा प्रश्न बहुतेक वेळा मुकादमावर सोपवला जातो, आणि वेठबिगारी व्यवसायात शिरते ती याच फटीतून. ही फट सुरुवातीलाच कशी बुजवावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

कायदा नेमके काय म्हणतो

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत होती आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात होती. आपल्याकडे या विषयाचा पाया राज्यघटनेच्या २३व्या कलमात आहे. हे कलम माणसांचा व्यापार, बिगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई करते. त्यावर उभा असलेला वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ चा असला, तरी तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू मानला जातो, आणि निरनिराळ्या प्रांतांतील वेठबिगारीच्या ज्या प्रथा त्यात नावानिशी दिल्या आहेत त्यांत दक्षिण गुजरातची हाळी प्रथाही आहे.

या कायद्यानुसार वेठबिगारी ठरण्यासाठी साखळदंड, कुलूप किंवा मारहाण असावीच लागत नाही. घेतलेल्या उचलीपोटी, मग ती स्वतः घेतलेली असो वा वाडवडिलांनी, एखाद्याला बिनमजुरी किंवा नाममात्र मजुरीवर राबावे लागत असेल, दुसरीकडे काम धरण्याची मुभा नसेल, मोकळेपणी फिरता येत नसेल किंवा आपल्या श्रमाचे उत्पादन बाजारभावाने विकता येत नसेल, तर यांपैकी एक गोष्टही पुरेशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे २३व्या कलमाच्या अर्थाने सक्तीचे श्रम ठरवले. १९८४ मध्ये फरीदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कायद्याने धनकोवर टाकली आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. दंडाची ही रक्कम आजच्या काळात फारच तोकडी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मजूर आदिवासी किंवा दलित असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमेही लागू होतात, हे विसरू नये.

पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच कसोटी वापरावी: हा माणूस उद्या सकाळी आपला हिशेब मागून, कोणाचीही परवानगी न घेता, बायकामुलांसह गावी जाऊ शकतो का?

पहिली पायरी: माणसांची यादी करणे

एका वहीत आपल्यासाठी राबणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद करावी आणि तो कोणामार्फत आला हे त्याच्या नावापुढे लिहावे. पगारी माळी आणि कडिया नाक्यावरून (रोजंदारीचे मजूर सकाळी कामासाठी उभे राहतात त्या चौकातून) दिवसाच्या रोजाने आणलेले मजूर सहज आठवतात. निसटतात ती दोन प्रकारची माणसे. पहिला प्रकार मुकादमाने टोळीने आणलेल्या मजुरांचा. हिरवळ अंथरणे, माती भरणे, कारंज्यासाठी खोदणे अशी कामे अंगावर दिली जातात आणि मालकाला टोळीतील एकाचेही नाव ठाऊक नसते. ही माणसे बहुधा दाहोद, छोटा उदेपूर, पंचमहाल येथून, तसेच मध्य प्रदेशातील झाबुआ आणि अलीराजपूर येथून येतात.

दुसरा प्रकार रोपवाटिकेत किंवा गिऱ्हाइकाच्या फार्महाउसवर राहणाऱ्या कुटुंबांचा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष येथेच द्यायला हवे. पुरुषाला चौकीदार-माळी म्हणून पगार ठरतो, राहायला एक खोली मिळते आणि त्या खोलीच्या बदल्यात त्याची पत्नी झाडलोट, निंदणी, कुंड्या भरणे, पाणी घालणे ही कामे दिवसभर करते, पण हजेरीबुकात तिचे नाव नसते. मुले शाळेत जाण्याऐवजी काळ्या पिशव्यांत माती भरत बसतात. खोलीचे भाडे म्हणून कोणाचे श्रम घेता येत नाहीत. पत्नी काम करत असेल तर तिची स्वतंत्र हजेरी आणि पुरुषाइतक्याच दराची स्वतंत्र मजुरी असली पाहिजे, आणि ती तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा झाली पाहिजे.

दुसरी पायरी: कामावर घेताना

काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून कोणीही पैसे घेतलेले नाहीत ना, हे त्यालाच विचारावे आणि विचारताना मुकादम समोर नसावा. मुकादमाची दलाली मालकाने द्यावी; ती मजुराच्या रोजातून कापली गेली तर त्याचे पहिले काही आठवडे कर्ज फेडण्यातच जातात. आधार कार्ड पाहून परत द्यावे, नोंदीसाठी झेरॉक्स पुरेशी आहे. मूळ कागदपत्रे, बँकेचे पासबुक किंवा एटीएम कार्ड सांभाळून ठेवण्याच्या नावाखाली मालकाने किंवा मुकादमाने जवळ बाळगणे हे सक्तीच्या श्रमाचे जगभर मान्य झालेले लक्षण आहे.

रोज किती, कामाचे तास किती, सुट्टी कोणती, मजुरी कोणत्या दिवशी आणि काम सोडायचे झाल्यास हिशेब किती दिवसांत, हे एका पानावर गुजरातीत लिहून द्यावे. राठवी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला ते पान वाचून दाखवावे आणि त्याने ते आपल्याला पुन्हा सांगावे अशी विनंती करावी. नुसता अंगठा घेऊन काम भागत नाही. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी नसेल तर तीही याच वेळी करून द्यावी.

तिसरी पायरी: उचलीचे नियम

उचल पूर्णपणे बंद करावी असा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. लग्न, आजारपण, घराचे छप्पर किंवा बियाणे यांसाठी गरीब माणसाला पैसे लागतातच. आपण नाही म्हटले तर तो गावच्या सावकाराकडे किंवा वीटभट्टीच्या मुकादमाकडे जाईल, आणि तेथे अटी अधिक वाईट असतील. म्हणून उचल द्यावी, पण माणसाला बांधून ठेवणारे दावे म्हणून तिचा वापर होणार नाही अशी बांधणी करावी.

उचल मजुराच्या हातात किंवा खात्यात थेट द्यावी. मुकादमामार्फत दिलेले दहा हजार मजुराच्या वहीत पंधरा हजार म्हणून लिहिले जाण्याचा धोका असतो. रक्कम साधारण एका महिन्याच्या मजुरीपेक्षा अधिक नसावी, म्हणजे ती काही महिन्यांत फिटते. व्याज मुळीच घेऊ नये. दर महिन्याला किती कापायचे हे आधी ठरवून लिहावे. वेतनसंहितेनुसार, म्हणजे मजुरीविषयीच्या केंद्राच्या नव्या कायद्यानुसार, सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, पण निम्मे वेतन कापल्यावर कुटुंबाचे पोट भरत नाही, म्हणून पाचव्या हिश्श्यापुरतीच कपात ठेवावी असे मी सुचवेन. एका माणसाची उचल त्याच्या बायकोच्या, भावाच्या किंवा मुलाच्या मजुरीतून कधीही वळती करू नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की उचल शिल्लक असली तरी माणूस काम सोडून जाऊ शकतो, आणि हे त्याला उचल देतानाच, साक्षीदारासमोर, स्पष्ट सांगितले पाहिजे. राहिलेली रक्कम तो सवडीने परत करील किंवा करणार नाही; बुडाली तर तो व्यवसायाचा खर्च समजावा. ज्याला हा धोका पत्करायचा नसेल त्याने तेवढी उचल देऊ नये. परंतु "पैसे फेड आणि मग जा" हे वाक्य ज्या क्षणी मालकाच्या तोंडून निघते, त्या क्षणी तो कायद्याच्या कक्षेत येतो.

चौथी पायरी: मजुरी आणि हिशेब

गुजरातमध्ये किमान वेतनाला जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरपासून बदलतो. त्यामुळे वर्षातून दोनदा श्रम खात्याचा नवा दर पाहून आपले रोज सुधारावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील वेतनसंहितेनुसार रोजंदारीची मजुरी पाळी संपताना, आठवड्याची मजुरी आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. काम सोडणाऱ्याचा हिशेब कामकाजाच्या दोन दिवसांत झाला पाहिजे. आणि जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागतो.

आपल्या भागात टोळीने केलेल्या कामात आठवड्याला फक्त खर्ची, म्हणजे पोटापुरते पैसे, द्यायची आणि खरा हिशेब काम संपल्यावर करायचा अशी रीत आहे. मजुराला वरकरणी ती सोयीची वाटते, कारण शेवटी एकदम मोठी रक्कम हाती येईल अशी आशा असते. प्रत्यक्षात त्याची अनेक आठवड्यांची कमाई दुसऱ्याच्या ताब्यात अडकते आणि तोवर त्याला जागचे हलता येत नाही. खर्चीऐवजी आठवड्याची संपूर्ण मजुरी द्यावी. प्रत्येकाकडे स्वतःची एक छोटी वही असावी, तिच्यात हजेरी, रोज, कपात आणि दिलेली रक्कम त्याच्यासमोर लिहावी, आणि ती वही त्याच्याकडेच राहावी.

दोन हंगाम कसोटीचे असतात. होळीला दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआ आणि अलीराजपूरचे आदिवासी मजूर गावी जातातच. तो त्यांचा वर्षातील सर्वांत मोठा सण आहे. ते परत यावेत म्हणून पंधरवड्याची मजुरी अडकवून ठेवण्याची क्लृप्ती जुनी आहे. दुसरा हंगाम पहिल्या पावसाचा. लावणीची सगळी मागणी जून-जुलैत एकदम येते आणि नेमक्या त्याच वेळी मजुराला स्वतःच्या शेतात मका पेरायला जायचे असते. माणसे कमी पडणार हे मे महिन्यातच धरून चालावे, पावसाळी कामांचा दर थोडा चढा ठेवावा, गिऱ्हाइकाला लावणीची तारीख पुढची द्यावी. मजुराची मजुरी ओलीस ठेवून आपली तारीख पाळू नये.

पाचवी पायरी: राहण्याची जागा आणि मुले

राहण्याच्या खोलीला बाहेरून कुलूप नसावे, फाटक रात्रीही आतून उघडता यावे, मोबाइल ज्याचा त्याच्याकडे असावा आणि नातेवाइकांना भेटायला येण्याची मोकळीक असावी. पिण्याचे पाणी, संडास आणि बायकांना आंघोळीसाठी आडोसा या गोष्टी मेहरबानी म्हणून देऊ नयेत.

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, आणि कीटकनाशकांची फवारणी, गवत कापण्याचे यंत्र किंवा झाडावर चढून छाटणी यांच्या जवळपासही त्यांना येऊ देऊ नये. नुसती मनाई करून मात्र आपले कर्तव्य संपत नाही. स्थलांतरित मुलाला वर्षाच्या मध्येही, दाखला नसला तरी, जवळच्या सरकारी शाळेत प्रवेश द्यावाच लागतो, हे शिक्षणहक्क कायद्याने ठरवून दिले आहे. मालकाने स्वतः एक सकाळ काढून मुलांना शाळेत नेऊन बसवले तर काम लवकर होते. ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या शहरात एखाद्या माळ्याचे मूल पिशव्या भरत शाळेबाहेर राहावे, ही गोष्ट आपण कोणीही सोसता कामा नये.

सहावी पायरी: पुरवठादार

आपल्या आवारात सर्व चोख असले तरी आपण विकतो त्या बागेतील अर्धा माल बाहेरून येतो. सगळ्यांची एकदम तपासणी शक्य नाही, म्हणून धोका अधिक असलेल्या ठिकाणांपासून सुरुवात करावी. शेणखत आणि गांडूळखत जवळच्या गावांतून येते व ते सहज पाहता येते. कुंभाराच्या कुंड्या बहुधा घरच्या माणसांनी घडवलेल्या असतात. रोपे आंध्रातील कडियमसारख्या ठिकाणांहून मोठ्या ट्रकने येतात. तेथे स्वतः जाणे जमले नाही, तरी ज्या स्थानिक व्यापाऱ्याकडून ती घेतो त्याच्या आवारात पिशव्या कोण भरते आणि नगावर किती मिळतात, हे पाहता येते. खरा धोका दोन ठिकाणी आहे: विटा आणि दगड.

वाफ्यांच्या कडा आणि पायवाटा यांसाठी विटा लागतात. वीटभट्टीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन पुढच्या पावसाआधी संपतो. मजुरांना पावसाळ्यातच उचल दिली जाते, मजुरी हजार विटांच्या दराने संपूर्ण कुटुंबाची मिळून ठरते, मध्ये फक्त खर्ची मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. दर कुटुंबाचा असल्यामुळे लहान मुलेही विटा उलटवतात आणि त्यांची नोंद कोठेच नसते. पावसाने कच्च्या विटा भिजल्या तर तोटा मजुराच्या माथी मारला जातो. हिशेब होऊन उचल फिटली नाही, तर ती पुढच्या वर्षावर चढते.

फरसबंदीचा वालुकाश्म बहुधा राजस्थानातून येतो. तेथे कर्जापोटी राबवून घेण्याच्या सागडी प्रथेविरुद्ध १९६१ मध्येच स्वतंत्र कायदा करावा लागला होता. खाणीत उचल आणि सिलिकोसिस यांची घातक जोड असते. वालुकाश्माची धूळ फुप्फुसात जाऊन माणूस काम करेनासा होतो, औषधासाठी पुन्हा उचल घेतो, आणि त्याच्यामागे ती फेडायला मुलगा खाणीत उतरतो.

भट्टीला भेट द्यायची ती हंगाम भरात असताना, शक्यतो आठवड्याच्या खर्चीच्या दिवशी. मालकाशी चहा घेत बोलल्याने फारसे काही कळत नाही. मजुरांशी बोलताना त्यांची नावे टिपून घेऊ नयेत आणि मालकाला नंतर शोधून काढता येईल असे प्रश्न विचारू नयेत. गाव कोणते, किती वर्षे येता, होळीला जाऊन आलात का, वही कोणाकडे असते, मुले कोणत्या शाळेत जातात, एवढी साधी विचारपूस पुरते. होळीला कोणीच गेले नाही आणि वही मुकादमाकडेच असते, अशी उत्तरे मिळाली तर सावध व्हावे.

भावाचाही हिशेब करावा. समजा, एखादा ठेकेदार कारखान्याच्या आवारात दोन माळी पूर्ण महिना देण्याचे बावीस हजार रुपये सांगतो आणि किमान रोज पाचशे धरले, तर सव्वीस दिवसांचे दोघांचे वेतनच सव्वीस हजार होते. त्यात भविष्य निर्वाह निधी, अवजारे आणि ठेकेदाराचा नफा आलेलाच नाही. अशा भावात कोणाची तरी मजुरी बुडते हे सांगायला तपासणीची गरज नाही. ठेकेदाराशी घासाघीस करून आपणच त्याला त्या आकड्यावर आणले असेल, तर जबाबदारीही आपलीच आहे. म्हणून ठेक्याच्या करारात प्रत्येक मजुराचे रोज वेगळे लिहावे आणि त्या रकमेवर घासाघीस करू नये. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची कायदेशीर जबाबदारीही कामाच्या मूळ मालकावर येऊ शकते.

मजुरीला उशीर, वही नसणे, दरात तफावत असे दोष आढळल्यास पुरवठादाराला मुदत देऊन सुधारणा मागावी आणि तोवर खरेदी चालू ठेवावी. पहिल्या दोषावर खरेदी थांबवली तर हाल मजुराचेच होतात. मात्र माणसे अडकवून ठेवलेली दिसली, तर प्रश्न सुधारणेचा राहत नाही.

सातवी पायरी: वेठबिगारी आढळली तर

मालकाला जाब विचारू नये. रातोरात कुटुंबे दुसऱ्या भट्टीवर हलवली जाण्याची भीती असते. स्वतः जाऊन सुटका करण्याचा प्रयत्नही करू नये. मारहाण होत असेल किंवा कोंडून ठेवले असेल तर ११२ क्रमांकावर पोलिसांना आणि मुले असतील तर १०९८ वर कळवावे. इतर वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांत अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, कारण या कायद्याची अंमलबजावणी आणि मुक्तता हे त्यांचे काम आहे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असण्याचीही कायद्यात तरतूद आहे. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

मुक्ततेनंतर मजुराच्या हाती मुक्ती प्रमाणपत्र पडले की नाही, याचा पाठपुरावा करावा. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अतिशय गंभीर शोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे, परंतु प्रमाणपत्राशिवाय ती वाट अवघड होते. त्याचे वेठबिगारीचे कर्ज कायद्याने संपलेले असते. नंतर ते वसूल करणे हाही गुन्हा आहे. अशा कुटुंबाला आपल्याकडे काम हवे असल्यास जरूर द्यावे, पण पहिले काही महिने उचल देणे टाळावे आणि मजुरी दर आठवड्याला पूर्ण चुकती करावी.

वर्षभराचे वेळापत्रक

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये किमान वेतनाचा नवा दर पाहून रोज आणि ठेक्याचे करार सुधारावेत. दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या की विटांच्या पुरवठादाराकडे एक फेरी मारावी आणि दुसरी होळीनंतर, कोण गावी जाऊन आले हे पाहण्यासाठी. होळीच्या आठ दिवस आधी प्रत्येकाचा हिशेब पूर्ण चुकता करावा. मे महिन्यात पावसाळी लावणीसाठी लागणारी माणसे मोजून त्यांच्या अटी लिहून घ्याव्यात आणि सोसायट्यांना व कारखान्यांना पावसाळी दर कळवताना त्या दरात मजुरीचा वाटा किती आहे, हे पत्रात वेगळे दाखवावे.